थंड पाण्याची धार आणि तापलेली मोटर: आरसी बोटीच्या कूलिंगच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आधी माझ्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, बोटीचं सांगतो. ७५ सेंमी लांबीची फायबरची बोट, खोल व्ही तळाची. मोटर ३६६० मापाची इनरनर (आतला भाग फिरणारी), म्हणजे ३६ मिमी व्यास आणि ६० मिमी लांबी, २००० केव्ही (म्हणजे रिकामी फिरताना दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे). चार सेलची ५००० एमएएचची लिपो बॅटरी, १२० अँपिअरचा वॉटरकूल्ड ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर), ४० मिमीचा दोन पात्यांचा प्रॉप, म्हणजे पाण्यातला पंखा. पाण्याला पंप नाही. रडरच्या (सुकाणूच्या) पुढच्या धारेला एक भोक आहे, तो पिकअप. बोट पळाली की पाणी आपोआप त्यात घुसतं, नळीने ईएससीत, तिथून मोटरवरच्या अॅल्युमिनियमच्या जॅकेटमध्ये जातं आणि उजव्या कुशीतल्या तोटीतून बाहेर पडतं.

सांगलीत राहून बोट कृष्णेत का चालवत नाही, हे प्रत्येक जण विचारतो. नदीत मगरी आहेत. मध्येच बंद पडलेली बोट आणायला कोण उतरणार? म्हणून तासगाव तालुक्यात मामांच्या द्राक्षबागेतलं शेततळं. ३० बाय ३० मीटर, पाणी स्वच्छ. पण त्याचा प्लास्टिकचा कागद भयंकर निसरडा असतो, आत पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येता येत नाही. आम्ही काठावर दोर बांधून ठेवतो, शेजारी ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब. बोट अडकली तर गळाच्या दोरीला टेनिसबॉल बांधून तो पलीकडे फेकायचा आणि ओढून आणायची. तळ्यात उतरायचं नाही, हा मामांचा नियम आहे आणि तो मोडून चालत नाही.

दुखणं असं: अडीच मिनिटं मस्त पळते, मग गचके देते आणि ईएससी हात वर करतो. झाकण उघडलं की वाफाळलेला वास. किती तापलीय बघायला घरातली कोरोनातली कपाळावर धरायची गन नेली होती. पडद्यावर नुसतं ‘हाय’. ती गन ताप मोजायची, ४३ अंशांच्या वर तिला काही कळत नाही. हे निघण्याआधी सुचायला हवं होतं. दिवस वाया.

९ फेब्रुवारी

कारखान्यात वापरतात तसली गन घेतली, १,१०० रुपये. बोट दमवली, काढली, मोटरच्या जॅकेटवर गन धरली: ४१ अंश. खूश होऊन जॅकेटला हाताचं बोट लावलं आणि चटका बसला. चकचकीत अॅल्युमिनियमवर ही गन खोटं बोलते. तिला धातूची उष्णता कमी आणि आजूबाजूचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. मोटरच्या मागच्या उघड्या भागावर, ईएससीच्या पट्टीवर आणि बॅटरीवर काळ्या इन्सुलेशन टेपचे नखाएवढे तुकडे चिकटवले आणि पुन्हा पळवली.

अडीच मिनिटांनंतर: मोटर ८७, ईएससी ७९, बॅटरी ४८. तळ्याचं पाणी २५.

८७ म्हणजे काय ते सांगून ठेवतो. साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमची ताकद गमावू लागतात. आपल्या मोटरीत कुठल्या दर्जाचे आहेत ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे ८० ही माझी रेघ.

१६ फेब्रुवारी

सगळ्यांना सुचतं तेच मलाही सुचलं: पाणी कमी पडतंय, पाणी वाढवा. तळाला एक जादा स्कूप, म्हणजे पाणी आत घेणारं तोंड, बसवला. ६५० रुपये, वर हलला (बोटीच्या कवचाला) नवीन भोक, इपॉक्सी, वाळायला रात्र. मोटरला एका पिकअपचं पाणी, ईएससीला दुसऱ्याचं.

निकाल: मोटर ८४. तीन अंशांसाठी एवढा खटाटोप. शिवाय स्कूप मधोमध न बसता सहा-सात मिमी डावीकडे बसला, त्यामुळे बोट सरळ सोडली तरी डावीकडे ओढते. मामा काठावर बसून बघत होते. म्हणाले, “एवढ्या पैशात माझा ठिबकचा एक व्हॉल्व्ह आला असता की रं.”

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. तळ्यावर गेलोच नाही, अंगणात बसून मोजमाप केलं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

वेगाने पळणाऱ्या बोटीच्या पिकअपवर जो दाब येतो तो उंचावरच्या टाकीइतकाच असतो, फक्त उंची काढायची. बोट सेकंदाला ५ मीटर पळत असेल (ताशी १८ किमी) तर तो दाब सव्वा मीटर उंचीच्या पाण्याएवढा. १० मीटर पळाली (ताशी ३६) तर ५.१ मीटर. वेग दुप्पट, दाब चौपट. आमच्या गच्चीतल्या टाकीतलं पाणी अंगणातल्या नळापासून साधारण पाच मीटर वर आहे. म्हणजे नळाला नळी लावून रडरच्या भोकात जोडली की बोट अंगणातच ताशी छत्तीसने ‘पळते’. पाण्यात पिकअपला हा सगळा दाब मिळत नाही, प्रॉपच्या मागे पाणी फेसाळलेलं असतं. तरी एका बदलाची दुसऱ्याशी तुलना करायला पुरतं.

स्कूप बाजूला ठेवून जुन्याच एका पिकअपची लाइन जोडली. तोटीखाली मोजपात्र, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. मिनिटाला ६४० मिलि.

मग बोट हौदात चारी बाजूंनी बांधली, नळाचं पाणी चालूच, अर्धा थ्रॉटल, दीड मिनिट. फिशटँकचा डिजिटल थर्मामीटर एकदा नळाच्या पाण्यात, एकदा तोटीतून पडणाऱ्या पाण्यात. आत जाणारं २५.०, बाहेर येणारं २५.४. मोटर ७१.

इथे मी बराच वेळ नुसता बसलो. मोटर चटके देतेय आणि बाहेर येणारं पाणी जवळपास गेलं तसंच परत येतंय. आजवर तोटीतून थंड पाणी आलं की मला बरं वाटायचं.

मग कागदावर हिशेब मांडला. गचके खात चार मिनिटं ओढलेल्या एका फेरीनंतर चार्जरने बॅटरीत ३,६०० एमएएच परत भरले होते. म्हणजे सरासरी ५४ अँपिअर, सुमारे ८०० वॅट. त्यातला पाचवा हिस्सा मोटरीत उष्णता होतो असं धरलं तर १६० वॅट. मिनिटाला फक्त अर्धा लिटर पाणी हे सगळं घेऊन जाऊ शकतं, आणि तसं करताना ते साडेचार अंशांनी तापायला हवं. माझ्याकडे अर्ध्या लिटरपेक्षा जास्तच पाणी होतं. पाण्याची टंचाई नव्हतीच, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नव्हती. स्कूपचे ६५० रुपये गेले.

जाता जाता: ईएससी आणि जॅकेटच्या मध्ये सिलिकॉनची नळी वळणावर चेपलेली सापडली. निपलची, म्हणजे नळी ज्यांवर चढवतात त्या छोट्या जोडांची, आतली भोकं मोजली तर २.२ मिमी. नळी ४ मिमीची आणि दरवाजा सव्वादोनचा.

२३ फेब्रुवारी

हा दिवस विसरायचा आहे, पण लिहितो.

आतून पाणी कसं वाहतं ते दिसावं म्हणून पारदर्शक नळी हवी होती. सिलिकॉनची नळी मागवायचा कंटाळा केला. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला, त्याची नळी कापून लावली. अंगणात छान बसली होती. तळ्यावर दुसऱ्या मिनिटाला ती गरम होऊन मऊ पडली आणि जॅकेटच्या निपलवरून सुटली. नळी सुटली म्हणून पिकअप थांबत नाही. बोट जितकी जोरात पळेल तितक्या जोरात तो तळ्याचं पाणी हलमध्ये भरत राहतो. मी थ्रॉटल सोडेपर्यंत बोटीचा मागचा भाग पाण्याखाली.

बोटीच्या नाकात पोहण्याच्या फोमच्या नूडलचे तुकडे कोंबलेले होते म्हणून बुडाली नाही, बाटलीसारखी उभी तरंगत राहिली. रिसीव्हर, म्हणजे रिमोटचे संदेश घेणारा डबा, गेला (१,४५०). सर्वो (रडर वळवणारी छोटी मोटर) आणि ईएससी दोन दिवस तांदळाच्या डब्यात काढून जगले. तांदळाने वाचले की आपोआप वाळले, देव जाणे. घरात त्या तांदळावरून वेगळं ऐकून घ्यावं लागलं.

आता नियम: फक्त सिलिकॉनची नळी, आणि प्रत्येक निपलवर बारीक केबलटाय.

२ मार्च

रिसीव्हर यायचा होता, तोवर कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेचे चार निपल करून घेतले. भोक ३.२ मिमी, बाहेरून दोन चुण्या. ३०० रुपये आणि त्याच्या चहाचे. चेपलेलं वळण काढून नळी मोठ्या वळणाने फिरवली, पारदर्शक सिलिकॉनची, तीन मीटरला १८० रुपये.

नळावर मोजलं: ६४० वरून ९०० मिलि. हौदात बांधून चालवलं: मोटर ६९. म्हणजे पाणी दीडपटीच्या जवळ गेलं आणि मोटर फक्त दोन अंशांनी उतरली. १९ तारखेचा हिशेब बरोबर होता.

९ मार्च

आजचं श्रेय मामांचं.

बोट उघडी ठेवून काठावरच बादलीतून पाणी सोडत होतो, पारदर्शक नळीत बुडबुडे दिसत होते. पाणी जॅकेटमध्ये जातं, निघतं, पण मधूनच एखादा बुडबुडा तोटीकडे येतो आणि परत मागे सरकतो. मामा बघून म्हणाले, “आरं, हवा धरलीय त्येनं. वरच्या अंगाला भोक कुठाय?”

त्यांच्या ठिबकच्या मेन लाइनला चढावाच्या टोकाशी एअर व्हॉल्व्ह आहेत. नसले तर पाइपाच्या उंच भागात हवा अडकते आणि पुढच्या ओळींना पाणी कमी जातं. हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे. आणि मी माझ्या जॅकेटचे दोन्ही निपल खाली तोंड करून बसवले होते. का, तर नळ्या तळाशी नीट लपतात आणि बोट उघडल्यावर दिसायला सुबक दिसते. पाणी खालून येत होतं, खालूनच जात होतं. जॅकेटच्या वरच्या अर्ध्यात हवा कोंडलेली. मोटरच्या अर्ध्या अंगाला पाण्याचा स्पर्शच नाही, आणि हवा उष्णता धरून ठेवायला गोधडीइतकीच चांगली.

जॅकेट तिथेच फिरवायला गेलो आणि एक ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) धारेवर घासून कापली गेली. घाई. मामीकडून भांडी घासायचं लिक्विड घेतलं, जॅकेटची कड बारीक पॉलिश पेपरने गोल केली, नवी ओ-रिंग (चाळीस रुपयांत चार) लिक्विड लावून हळूहळू सरकवली. हे काम कोरडं करू नका. आता आत येणारा निपल बाजूला आणि बाहेर जाणारा बरोबर माथ्यावर. नळी तिथून वरच्या वर तोटीकडे, मध्ये कुठेही उंचवटा नाही.

पहिल्या फेरीला तोटीतून फस्सकन हवा आली, मग सलग धार.

अडीच मिनिटांनंतर मोटर ६६. मग आणखी दीड मिनिट पळवली: ७०. गचके नाहीत.

संध्याकाळी घरी येऊन हौदातली चाचणी परत केली. आत २५.०, बाहेर २७.०, मोटर ५४. पाणी दोन अंश तापून बाहेर येतंय हे बघून इतका आनंद होईल असं महिन्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

१६ मार्च

मोटर आटोक्यात, ईएससी मात्र ७६ वरून हलायला तयार नाही.

आधी वाटलं ईएससीला ताजं पाणी मिळावं, म्हणून टी (तीन तोंडांचा जोड) जोडून दोन फाटे केले. टी ठिबकच्या दुकानातला, चार मिमीचा, बरोबर बसतो. नळावर दोन वेगळ्या बाटल्यांत मोजलं: मोटरकडे मिनिटाला ७८०, ईएससीकडे ११०. पाणी आळशी असतं, सोपी वाट धरतं. ईएससीतली तांब्याची नळी अरुंद, म्हणून सगळं जॅकेटकडे पळालं. टी काढून टाकला. परत एकच रांग, आधी ईएससी, मग मोटर. ईएससीतून जाताना पाणी अर्धा-पाऊण अंश तापतं, मोटरला त्याचं काही वाटत नाही.

मग ईएससीच उघडला. वॉरंटी गेली, हे आधीच समजून घ्या. वरचं आवरण कापलं, अॅल्युमिनियमची पट्टी उचलली. पट्टी आणि खालच्या मॉस्फेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या भागांच्या) रांगेत उष्णता पुढे नेणारं मऊ थर्मल पॅड होतं. पॅडवर ठसे बघितले तर एका टोकाला तीन मॉस्फेटचे चौकोन स्पष्ट उमटलेले, पुढे फिकट होत गेलेले, आणि शेवटच्या चारांचा ठसाच नाही. पट्टी तिरकी बसली होती. त्या चारांना पाणी असून नसल्यासारखं. दुसऱ्या टोकाला आतल्या तारेच्या डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) टोकावर पट्टी अडकत होती. पट्टीची ती कड कानशीने दोन मिमी घासली, पॅड अर्ध्या मिमीऐवजी एक मिमीचं टाकलं (२२०), स्क्रू आडवेतिडवे थोडे थोडे आवळले. कानशीचा भुगा ब्रशने दोनदा झाडला. एक कण राहिला तरी शॉर्ट.

चार मिनिटांनंतर ईएससी ६१.

२३ मार्च

फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे मोटरपासून प्रॉपपर्यंतचा लवचिक दांडा, काढून पुसून ग्रीस लावलं. कोरडा पडला होता, त्याची पितळी नळीसुद्धा गरम लागत होती. पाच मिनिटांचं काम, दर दोन-तीन खेपांनी करायचं असतं. मी जानेवारीपासून केलं नव्हतं.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून दुपारी गावाच्या वरच्या पाझर तलावावर गेलो, कारण एक शंका होती. शेततळं तीस मीटरचं. ताशी छत्तीसने बोट तीन सेकंदांत पलीकडच्या काठाला, म्हणजे ती सतत वळतच असते. वळताना वेग मरतो, दाब वेगाच्या वर्गाने मरतो, आणि प्रॉपवरचा भार मात्र वाढतो. कूलिंगला याहून वाईट जागा नाही.

तलावावर सरळ लांब फेऱ्या मारल्या. तोच सेटअप, तेवढाच वेळ: मोटर ६३, ईएससी ५५. शंका खरी.

तिसऱ्या फेरीत तोटीची धार अचानक बंद. मी लगेच बोट आणली. तोटी उजव्या कुशीत आहे आणि मी बोट डावीकडे वळवत फिरवतो, त्यामुळे ती बाजू काठाकडे असते आणि धार दिसते. पिकअपच्या भोकात शेवाळाचा धागा आणि काडी. जाळी लावून पाहिली, ठिबकच्या फिल्टरची बारीक जाळी कापून. तिचा उलटा परिणाम झाला, भोकापेक्षा जाळी लवकर बुजते. काढली. आता मेडिकलमधली २० मिलिची सिरिंज (१५ रुपये) खिशात असते. प्रत्येक फेरीनंतर तोटीकडून उलटं पाणी मारायचं, रडरमधून काय निघतं ते बघायचं. पहिल्यांदा मारलं तेव्हा चहाच्या रंगाचा गाळ निघाला. तो जॅकेटमध्ये बसला होता.

६ एप्रिल

४० मिमीचा प्रॉप काढून ३८ चा लावला, ४८० रुपये. तेवढ्याच आरपीएमला प्रॉपची ताकदीची भूक व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. दोन मिमी कमी केले की भार जवळपास पावपट उतरतो.

शेततळ्यावर, चार मिनिटं: मोटर ५९, ईएससी ५४, बॅटरी ४३. चार्जरने ३,६०० ऐवजी २,९५० भरले. जीपीएसवर सर्वाधिक वेग ताशी ४१ वरून ३९.

म्हणजे हा प्रॉप पहिल्याच रविवारी बदलला असता तर बोट बंद पडली नसती, मी जॅकेट फिरवलं नसतं आणि मोटर अर्ध्या अंगाने भाजत राहिली असती. त्यामुळे क्रम चुकला याचं फार वाईट वाटत नाही. पण तुमची बोट तापत असेल तर आधी प्रॉप छोटा करून बघा, त्याला हलला भोक पाडावं लागत नाही.

१३ एप्रिल

खर्च: गन १,१००, स्कूप ६५०, रिसीव्हर १,४५०, निपल ३००, नळी १८०, ओ-रिंग ४०, पॅड २२०, प्रॉप ४८०, सिरिंज १५. एकूण ४,४३५ रुपये. त्यातले स्कूप आणि रिसीव्हर मिळून २,१०० माझ्या शहाणपणाचे. स्कूप काढून त्याचं भोक आतून-बाहेरून फायबरने बुजवलं, बोट आता सरळ पळते.

बाकी एक राहिलंय. आज काळ्या टेपचा एक तुकडा बॅटरीच्या ४ मिमी बुलेट कनेक्टरच्या आवरणावर लावला, सहज म्हणून. ६८ अंश. तिथे पाणी पोचवायचा प्रश्नच नाही. डाग कच्चा असेल किंवा कनेक्टरच लहान. साडेपाच मिमीचे मागवलेत. बॅटरीकडची तार मात्र लांबवणार नाही, त्याने ईएससीचे कपॅसिटर मरतात.

ते आले तरी लगेच चालवता येणार नाही. मामांच्या द्राक्षबागेची खरड छाटणी झालीय, ठिबक रोज चालू आहे, आणि तळ्यातलं पाणी आज कागदाच्या तिसऱ्या शिवणीपर्यंत उतरलं होतं. “आता पाऊस पडल्यावर ये,” म्हणाले, “आणि येताना ती तुझी काळी टेप आण थोडी. माझ्या स्टार्टरचा डबा लई तापतोय.”